इंटरफेस टाइपच्या ऑब्जेक्टची लिस्ट वेगवेगळ्या प्रॉपर्टींनुसार सॉर्ट करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालच्या सगळ्या उत्तरांत उदाहरण एकच घेतले आहे. `दस्तऐवज` नावाचा इंटरफेस (क्लासमध्ये काय काय असायलाच हवे ते सांगणारा करार) आहे आणि त्यात शीर्षक, पाने, तारीख आणि क्रमांक या चार प्रॉपर्टी आहेत. `पीडीएफ`, `चित्र` आणि `ध्वनिफीत` हे तीन क्लास तो इंटरफेस पाळतात. लिस्ट `दस्तऐवज` टाइपची आहे, म्हणजे तिच्यात तिन्ही प्रकारचे ऑब्जेक्ट मिसळलेले आहेत. कोडमधली नावे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना त्या त्या भाषेचे मूळ स्पेलिंग वापरा.

इंटरफेस टाइपची लिस्ट थेट सॉर्ट का होत नाही? आकड्यांची आणि स्ट्रिंगची तर लगेच होते.

आकड्यांना आणि स्ट्रिंगना स्वतःचा ठरलेला क्रम असतो, तो भाषेनेच दिलेला आहे. तुमच्या `दस्तऐवज`ला असा क्रम कोणी दिलेला नाही. आधी कोण येणार, जास्त पानांचा की नवीन तारखेचा, हे कंपायलरला कळायला मार्ग नाही.

हे कधी लक्षात येते ते भाषेवर अवलंबून आहे. जावात `कलेक्शन्स.सॉर्ट(लिस्ट)` लिहिले तर कोड कंपाइलच होत नाही, आणि हे चांगलेच आहे. पण `लिस्ट.सॉर्ट(नल)` (नल म्हणजे 'काहीच नाही') किंवा स्ट्रीमवर नुसते `सॉर्टेड()` लिहिले तर कंपाइल बिनबोभाट होते आणि रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना, क्लासकास्टएक्सेप्शन ही एरर येते. सी शार्पमध्ये `लिस्ट.सॉर्ट()` रनटाइमला इनव्हॅलिडऑपरेशनएक्सेप्शन देते. दोन्हीकडे लिस्टमध्ये एकच ऑब्जेक्ट असेल तर तुलनाच होत नाही, त्यामुळे एररही येत नाही. म्हणून एका नोंदीवर केलेली टेस्ट पास होते आणि दुसरी नोंद आली की प्रोग्रॅम पडतो.

कम्पेरेबल आणि कम्पॅरेटर यांत नेमके काय वापरायचे?

कम्पेरेबल म्हणजे क्रम ऑब्जेक्टच्या आत ठेवणे: क्लास स्वतः सांगतो की दुसऱ्याच्या तुलनेत मी आधी की नंतर. कम्पॅरेटर म्हणजे क्रम बाहेर ठेवणे: दोन ऑब्जेक्ट हातात घेऊन त्यांत आधी कोण, हे सांगणारे तिसरेच फंक्शन. सी शार्पमध्ये यांनाच आयकम्पेरेबल आणि आयकम्पेरर म्हणतात.

एकच लिस्ट कधी तारखेने, कधी शीर्षकाने, कधी पानांनी लावायची असेल तर कम्पॅरेटरच वापरा. एका क्लासला कम्पेरेबलचा क्रम एकच देता येतो, कम्पॅरेटर मात्र हवे तितके लिहिता येतात. कम्पेरेबल राखून ठेवा ते अशा टाइपसाठी ज्यांचा क्रम वादातीत असतो: तारीख, रक्कम, आवृत्ती क्रमांक. `दस्तऐवज`चा असा वादातीत क्रम नाही. क्रम हा यादी पाहणाऱ्याच्या गरजेतून येतो, म्हणून तो ऑब्जेक्टच्या बाहेरच शोभतो.

तरीही `दस्तऐवज` इंटरफेसलाच कम्पेरेबल करून टाकले तर?

मग प्रत्येक क्लास आपापला `कम्पेअरटू` लिहील आणि तिथेच घोळ सुरू होईल. समजा `पीडीएफ` लिहिणाऱ्याने शीर्षकाने तुलना केली आणि `चित्र` लिहिणाऱ्याने तारखेने. लिस्टमध्ये 'अहवाल' नावाची नवी पीडीएफ आणि 'झाड' नावाचे जुने चित्र आहे. पीडीएफला विचारले तर ती म्हणेल, मी आधी, कारण 'अ' हा 'झ'च्या आधी येतो. चित्राला विचारले तर ते म्हणेल, मी आधी, कारण माझी तारीख जुनी. कोणाला विचारले यावर उत्तर बदलते, आणि सॉर्टचा अल्गोरिदम कोणाला विचारेल ते तुमच्या हातात नसते. बहुधा एरर न येता यादी चुकीची लागते, आणि नोंदींचा मूळ क्रम बदलला की वेगळ्या तऱ्हेने.

जावा ८ पासून इंटरफेसमध्ये डिफॉल्ट मेथड (आत तयार कोड असलेली मेथड) लिहिता येते, सी शार्पमध्ये आवृत्ती ८ पासून. तिथे तुलना एकदाच लिहिली तर धोका कमी होतो. तरी पुढे कोणीतरी एखाद्या क्लासमध्ये ती ओव्हरराइड करू, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहू, शकतेच. बाहेरच्या कम्पॅरेटरमध्ये ही वाट राहत नाही.

तुलना करणाऱ्या फंक्शनने काय परत द्यायचे? वजाबाकी केली तर चालते का?

पहिला आधी यायला हवा असेल तर ऋण संख्या, नंतर यायला हवा असेल तर धन, दोघे सारखे असतील तर शून्य. किती ऋण, किती धन याला अर्थ नाही, फक्त चिन्ह पाहिले जाते.

`अ.पाने - ब.पाने` ही युक्ती जुन्या कोडमध्ये फार दिसते. लहान धन आकड्यांवर ती चालते. पण ३२ बिटांच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. २०० कोटीतून उणे २०० कोटी वजा केले तर ४०० कोटी यायला हवेत, पण जावात हाती येते उणे २९,४९,६७,२९६. चिन्ह उलटले, म्हणजे मोठी संख्या लहान ठरली. जावात `इंटिजर.कम्पेअर`, सी शार्पमध्ये `कम्पेअरटू`, गो भाषेत `सीएमपी.कम्पेअर` वापरा. दोन अक्षरे जास्त टाइप होतील, पण ही चूक कायमची मिटेल.

याच्याच जोडीची दुसरी सवय म्हणजे क्रम उलटा करायला उत्तराला उणे लावणे. कम्पॅरेटरने सर्वांत लहान ऋण पूर्णांक परत दिला तर त्याला उणे लावूनही तो ऋणच राहतो. उलटा क्रम हवा असेल तर अ आणि ब यांची जागा बदला.

जावास्क्रिप्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये तिसरीच चूक होते: `अ.पाने > ब.पाने` असे लिहून ट्रू किंवा फॉल्स परत देणे. ट्रूचा १ होतो, फॉल्सचा ०, ऋण उत्तर कधीच येत नाही. 'अ लहान आहे' आणि 'दोघे सारखे आहेत' या दोन्ही गोष्टी एकाच शून्यात मिसळतात. शिवाय तिथे फंक्शन न देता नुसते `सॉर्ट()` केले तर प्रत्येक गोष्टीची आधी स्ट्रिंग होते, म्हणून १, २, १० हे १, १०, २ असे लागतात.

दोन-तीन प्रॉपर्टींनी एकापाठोपाठ क्रम कसा लावायचा?

समजा नवीन तारीख आधी हवी, आणि तारीख सारखी असेल तर शीर्षक. जावात असे:

`कम्पॅरेटर.कम्पेअरिंग(दस्तऐवज::तारीख).रिव्हर्स्ड().देनकम्पेअरिंग(दस्तऐवज::शीर्षक)`

यात `रिव्हर्स्ड` कुठे लिहिले यावर सगळे ठरते. ते आपल्या डावीकडची संपूर्ण साखळी उलटवते. वरच्या ओळीत डावीकडे फक्त तारीख आहे, म्हणून फक्त तारीख उलटली. हेच शब्द शेवटी लिहिले असते तर शीर्षकही उलटे लागले असते. दुसऱ्या पायरीला एकटीला उलटवायचे असेल तर `देनकम्पेअरिंग(दस्तऐवज::शीर्षक, कम्पॅरेटर.रिव्हर्सऑर्डर())` असे तिच्याच कंसात लिहा.

आणखी एक अडचण बऱ्याच जणांचा तास खाते. `दस्तऐवज::तारीख` ऐवजी `द -> द.तारीख()` असा लॅम्डा (बिननावाचे छोटे फंक्शन) लिहिला आणि त्याला `रिव्हर्स्ड()` जोडले की कोड कंपाइल होत नाही. `द` हा ऑब्जेक्ट टाइपचा आहे, त्याला तारीख नाही, अशी तक्रार येते. साखळी जोडली की कंपायलरला मागून टाइपचा अंदाज बांधता येत नाही. `दस्तऐवज::तारीख` असा मेथड रेफरन्स वापरा, नाहीतर लॅम्डात `(दस्तऐवज द) ->` असा टाइप लिहून द्या.

सी शार्पमध्ये `ऑर्डरबायडिसेंडिंग(द => द.तारीख).देनबाय(द => द.शीर्षक)`. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे `देनबाय`च्या जागी पुन्हा `ऑर्डरबाय` लिहिणे. एरर येत नाही, पण यादी शेवटच्या प्रॉपर्टीने लागते आणि पहिली फक्त बरोबरी सोडवण्यापुरती उरते.

गोमध्ये आवृत्ती १.२१ पासून `स्लाइसेस.सॉर्टफंक` आहे आणि १.२२ पासून `सीएमपी.ऑर`, जे दिलेल्या उत्तरांतले शून्य नसलेले पहिले उत्तर परत देते. वाचायला सुरेख आहे, पण त्याला दिलेल्या सगळ्या तुलना आधी पूर्ण होतात. दुसरी तुलना महाग असेल तर साधा इफ लिहा.

पायथनमध्ये की (जिच्यावरून तुलना होते ती किंमत) म्हणून टपल, म्हणजे किमतींचा क्रमवार गट, द्या: `की=लॅम्डा द: (-द.पाने, द.शीर्षक)`. तारखेला किंवा स्ट्रिंगला उणे लावता येत नाही, तिथे दोनदा सॉर्ट करा: आधी कमी महत्त्वाच्या प्रॉपर्टीने, मग जास्त महत्त्वाच्या प्रॉपर्टीने `रिव्हर्स=ट्रू` देऊन. हे का चालते ते पुढच्या उत्तरात आहे.

स्टेबल सॉर्ट म्हणजे काय? माझ्या भाषेत तो आहे का?

तुलनेत सारख्या ठरलेल्या दोन नोंदी सॉर्टनंतरही मूळच्याच क्रमात राहिल्या तर तो सॉर्ट स्टेबल. यादी आधी शीर्षकाने लावलेली असेल आणि मग तारखेने लावली, तर एकाच तारखेच्या नोंदींत शीर्षकाचा क्रम तसाच टिकतो.

पायथनचा सॉर्ट स्टेबल आहे. तो टिमसॉर्ट, टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथनसाठीच लिहिलेला. जावाने आवृत्ती ७ पासून ऑब्जेक्टसाठी तोच घेतला. जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात स्थिरतेची हमी २०१९ मध्ये आली. त्याआधी क्रोममध्ये १० पेक्षा जास्त घटकांच्या ॲरेवर सॉर्ट अस्थिर असे, म्हणून जुन्या लेखांत दोन्ही तऱ्हेचे दावे सापडतात. सी शार्पमध्ये दुहेरी चित्र आहे: `लिस्ट.सॉर्ट` आणि `ॲरे.सॉर्ट` स्टेबल नाहीत, `ऑर्डरबाय` आहे. गोमध्ये `सॉर्ट.स्लाइस` आणि `सॉर्टफंक` स्टेबल नाहीत, स्थिरता हवी असेल तर `सॉर्टस्टेबलफंक`.

स्थिरतेवर विसंबण्यापेक्षा साखळीच्या शेवटी कधीच सारखी नसणारी प्रॉपर्टी, इथे क्रमांक, जोडलेली बरी. मग कोणताही सॉर्ट वापरा, उत्तर एकच येते.

'कम्पॅरिझन मेथड व्हायोलेट्स इट्स जनरल कॉन्ट्रॅक्ट' ही एरर अधूनमधूनच का येते?

कारण कम्पॅरेटर चुकीचा आहे आणि टिमसॉर्टला ते प्रत्येक वेळी दिसत नाही. ही जावाची एरर. तुलनेने तीन नियम पाळावे लागतात: अ आणि ब यांची अदलाबदल केली तर चिन्ह उलटले पाहिजे, अ हा बच्या आधी आणि ब हा कच्या आधी असेल तर अ हा कच्याही आधी हवा, आणि अ व ब सारखे ठरले तर तिसऱ्या कोणाशीही दोघांची तुलना सारखीच व्हायला हवी. जावाचा टिमसॉर्ट ३२ पेक्षा कमी घटक असतील तर बायनरी इन्सर्शन सॉर्ट वापरतो, आणि ही तपासणी असते ती मोठ्या यादीचे लावलेले तुकडे एकत्र करण्याच्या टप्प्यात. म्हणून २० नोंदींच्या टेस्टमध्ये ही एरर कधीच दिसणार नाही.

नियम कसा मोडतो ते जवळून पाहू. कोणीतरी ठरवले की पानांतला फरक ५ पेक्षा कमी असेल तर दोन्ही सारखे धरायचे आणि मग शीर्षक पाहायचे. तीन दस्तऐवज घ्या: 'कमळ' १८ पाने, 'खडक' १४ पाने, 'गवत' १० पाने. कमळ आणि खडक यांत फरक ४, म्हणून शीर्षक पाहिले: कमळ आधी. खडक आणि गवत यांतही फरक ४: खडक आधी. आता कमळ आणि गवत: फरक ८, म्हणून पाने पाहिली आणि गवत आधी. कमळ खडकाच्या आधी, खडक गवताच्या आधी, गवत कमळाच्या आधी! या वर्तुळाला सुरुवातच नाही, त्यामुळे कोणत्याही अल्गोरिदमला ते सरळ रांगेत मांडता येणार नाही. उपाय असा की पानांचे गट आधीच पाडा, पाने भागिले ५ असा पूर्णांक भागाकार घ्या आणि त्या गटक्रमांकाची तुलना करा. १० आणि १४ गट २ मध्ये जातात, १८ गट ३ मध्ये. क्रम सरळ लागतो.

बाकीची कारणे थोडक्यात. सॉर्ट चालू असताना दुसरा थ्रेड (प्रोग्रॅमचा समांतर चालणारा भाग) त्याच ऑब्जेक्टची तारीख बदलतो. तुलनेत 'आत्ताची वेळ' वाचली जाते आणि ती दर वेळी पुढे सरकते. यादी विस्कटायला म्हणून तुलनेतून यादृच्छिक आकडा परत दिलेला असतो. त्यासाठी `शफल` आहे.

जुना मर्जसॉर्ट परत आणणारी एक सिस्टिम प्रॉपर्टी जावात आहे आणि ती लावली की एरर थांबते. ती लावू नका. कम्पॅरेटर तितकाच चुकीचा राहतो, फक्त सांगणारे कोणी उरत नाही.

दशांश संख्यांमध्ये 'संख्या नाही' म्हणजे नॅन आला तर?

नॅन हा कशाहून लहान नाही, मोठा नाही, स्वतःएवढाही नाही. लहान-मोठेची चिन्हे वापरून तुलना लिहिली तर वरचे नियम मोडतात. पायथनमध्ये यादी काहीही न बोलता अर्धवट लागलेली राहते. भाषेने दिलेली तुलना वापरली तर जागा ठरलेली असते, पण ती सगळीकडे एक नाही: जावाचे `डबल.कम्पेअर` नॅनला सर्वांत मोठा मानते, सी शार्प आणि गो सर्वांत लहान. दोन भाषांत लिहिलेल्या प्रणालीत याद्या जुळत नसतील तर इथेही डोकावून पाहा.

एखाद्या नोंदीची तारीख नल असेल तर काय करायचे?

आधी ठरवा की नल नोंदी वर हव्यात की खाली, आणि ते कोडमध्ये लिहा. जावात नल दोन ठिकाणी असू शकतो. अख्खा ऑब्जेक्टच नल असेल तर `नल्सलास्ट(कम्पेअरिंग(दस्तऐवज::तारीख))`. ऑब्जेक्ट आहे पण तारीख नल असेल तर `कम्पेअरिंग(दस्तऐवज::तारीख, नल्सलास्ट(नॅचरलऑर्डर()))`. दिसायला जवळपास सारखे, पण पहिल्याने तारखेचा नल सांभाळला जात नाही आणि नलपॉइंटर येतो.

आता उलटा क्रम. `नल्सलास्ट(...)`ला `रिव्हर्स्ड()` लावले तर नलही उलटून वर येतात. तारीख उलटी पण नल खालीच हवे असतील तर उलटणे आत ढकला: `नल्सलास्ट(रिव्हर्सऑर्डर())`. कॉलमच्या शीर्षकावर दुसऱ्यांदा क्लिक केले की रिकाम्या नोंदी पडद्यावर उसळून येतात, त्याचे कारण हेच.

सी शार्पमध्ये नल आपोआप सर्वांत लहान ठरतो. पायथनमध्ये नन (तिथला नल) आणि आकडा यांची तुलना टाइपएरर देते, म्हणून टपलच्या सुरुवातीला 'नन आहे का' हे घाला: `(द.पाने इज नन, द.पाने ऑर ०)`. जावास्क्रिप्टमध्ये ॲरेतले अनडिफाइन्ड घटक तुमच्या फंक्शनला न विचारताच शेवटी जातात, नल मात्र फंक्शनकडे येतो.

जी प्रॉपर्टी इंटरफेसमध्ये नाही, फक्त काही क्लासमध्ये आहे, तिने सॉर्ट कसे करायचे?

ध्वनिफितीला कालावधी असतो, पीडीएफला नसतो, आणि यादी कालावधीने लावायची आहे. पहिला मोह होतो तो थेट कास्ट करण्याचा, म्हणजे प्रत्येक ऑब्जेक्ट ध्वनिफीतच आहे असे धरण्याचा, आणि पहिली पीडीएफ आली की क्लासकास्टएक्सेप्शन येते. दुसरा मोह `दस्तऐवज`मध्येच कालावधी घालून पीडीएफला शून्य परत करायला लावण्याचा. हा जास्त घातक, कारण शून्य सेकंदांची खरी ध्वनिफीत आणि कालावधीच नसलेली पीडीएफ यांत फरक उरत नाही.

आमच्या मते योग्य मार्ग असा. `कालावधीयुक्त` हा लहान वेगळा इंटरफेस करा, ज्या क्लासना कालावधी आहे तेच तो पाळतील. मग एक छोटे फंक्शन लिहा: दस्तऐवज घ्या, तो `कालावधीयुक्त` असेल तर कालावधी परत द्या, नसेल तर नल. त्या फंक्शनवर वरचा `नल्सलास्ट`वाला कम्पॅरेटर बसवा. टाइप तपासणे एकाच जागी राहते आणि उद्या `चलचित्र` क्लास आला तरी कम्पॅरेटरला हात लावावा लागत नाही. टाइपस्क्रिप्टमध्ये इंटरफेस रनटाइमला शिल्लकच राहत नाही, तिथे ऑब्जेक्टवर 'प्रकार' अशी खरी प्रॉपर्टी ठेवून ती तपासा.

वापरकर्ता कॉलम निवडेल तसा क्रम बदलायचा आहे. रिफ्लेक्शन वापरू का?

नको. कॉलमच्या नावाची स्ट्रिंग घेऊन रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालताना नावावरून, प्रॉपर्टी शोधली की प्रॉपर्टीचे नाव बदलल्यावर कंपायलर गप्प बसतो, नल आणि भाषिक क्रम यांची सोय सहज करता येत नाही, आणि बाहेरून आलेल्या स्ट्रिंगला आतल्या कोणत्याही प्रॉपर्टीपर्यंत पोहोचता येते.

त्याऐवजी मॅप ठेवा: 'शीर्षक' या नावासमोर शीर्षकाचा कम्पॅरेटर, 'तारीख'समोर तारखेचा, 'पाने'समोर पानांचा. नाव आले की मॅपमध्ये पाहा, नसेल तर स्पष्ट एरर द्या. दिशा उलटी मागितली असेल तर तेवढाच भाग उलटवा, आणि क्रमांकाची शेवटची पायरी उलटवल्यानंतर जोडा. यादी पानापानाने दाखवायची असेल तर ही शेवटची पायरी अनिवार्य आहे. तिच्याविना, स्टेबल नसलेल्या सॉर्टमध्ये किंवा डेटाबेसमध्ये, एकाच तारखेच्या नोंदी प्रत्येक मागणीला वेगळ्या क्रमाने येऊ शकतात. मग एखादी नोंद दोन पानांवर दिसते आणि एखादी कुठेच दिसत नाही.

नोंदी डेटाबेसमधूनच येत असतील आणि पडद्यावर त्यांतल्या २५ दाखवायच्या असतील तर क्रम डेटाबेसलाच लावू द्या. सगळ्या मेमरीत आणून सॉर्ट करण्यात अर्थ नाही.

मराठी शीर्षके चुकीच्या क्रमाने का लागतात?

साधी स्ट्रिंग तुलना युनिकोडचे आकडे पाहते, वर्णमाला पाहत नाही. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा आले आणि त्याचा कोडबिंदू ०९७२ आहे, म्हणजे ०९३९ वर असलेल्या हच्याही पुढे. म्हणून 'ॲप' आणि 'ॲरे' यादीच्या तळाशी जातात. ळ हा युनिकोडमध्ये लच्या लगेच नंतर आहे, आपल्या वर्णमालेत हच्या नंतर. क्ष हे क, हलन्त आणि ष यांचे जोडाक्षर म्हणून साठवले जाते, त्यामुळे 'क्षण' कच्या शब्दांत मिसळतो.

यासाठी मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिलेला कोलेटर, म्हणजे भाषेच्या वर्णक्रमाने तुलना करणारा ऑब्जेक्ट, वापरा: जावास्क्रिप्टमध्ये `इंटल.कोलेटर`, जावात आयसीयू लायब्ररीचा कोलेटर. तो एकदाच तयार करून पुन्हा पुन्हा वापरा, प्रत्येक तुलनेत नवा बनवलात तर मोठी यादी रेंगाळते. 'भाग १०' हा 'भाग २'च्या आधी येत असेल तर त्याच कोलेटरला `न्यूमेरिक` पर्याय द्या. उलट, फाइलचे मार्ग, कोड, आतल्या ओळखी अशा यंत्राच्या स्ट्रिंगसाठी भाषिक क्रम नको. सी शार्पमध्ये तिथे `ऑर्डिनल` (फक्त युनिकोडचे आकडे पाहणारी) तुलना मुद्दाम लिहा, नाहीतर मशीनच्या भाषेच्या सेटिंगनुसार उत्तर बदलू शकते.

`दस्तऐवज`चा कम्पॅरेटर `पीडीएफ`च्या लिस्टला चालतो का?

चालतो. ज्याला कोणतेही दोन दस्तऐवज लावता येतात त्याला दोन पीडीएफही लावता येतात. जावात `लिस्ट.सॉर्ट` मूळ टाइपचा किंवा त्याच्या वरच्या टाइपचा कम्पॅरेटर स्वीकारते, सी शार्पमध्ये `आयकम्पेरर` डॉटनेट ४ पासून तसे करू देतो. स्वतःची सॉर्ट करणारी मेथड लिहीत असाल तर जावात `? सुपर` लिहायला विसरू नका, नाहीतर ही सोय तुमच्याच मेथडपाशी अडते.

लिस्टचे मात्र उलट आहे: `लिस्ट<पीडीएफ>` ही `लिस्ट<दस्तऐवज>` नव्हे, कारण मग तिच्यात कोणी चित्रही घालू शकेल. गोमध्येही `पीडीएफ`ची स्लाइस (तिथली लिस्ट) इंटरफेसच्या स्लाइसमध्ये आपोआप बदलत नाही, एकेक घटक नव्या स्लाइसमध्ये घालावा लागतो.

सी शार्पच्या `आयलिस्ट`वर सॉर्ट मेथड सापडत नाही.

ती त्या इंटरफेसमध्ये नाहीच, `लिस्ट` क्लासवर आहे. `ऑर्डरबाय(...).टूलिस्ट()` करून नवी लिस्ट घ्या. `ऑर्डरबाय` मूळ लिस्टला हात लावत नाही आणि यादी प्रत्यक्ष वाचली जाईपर्यंत कामही सुरू करत नाही. उत्तर व्हेरिएबलमध्ये न घेता नुसती ओळ लिहिली तर काहीच घडत नाही.

जावात `लिस्ट.ऑफ`ने केलेली लिस्ट बदलता येत नाही, तिच्यावर `सॉर्ट` केले तर अनसपोर्टेडऑपरेशनएक्सेप्शन येते. जावास्क्रिप्टचा `सॉर्ट` मूळ ॲरेच बदलतो. मूळ जपायचा असेल तर २०२३ च्या मानकात आलेला `टूसॉर्टेड` वापरा.

मोठी यादी हळू लागते. काय तपासावे?

तुलनेतली प्रॉपर्टी किती महाग आहे ते. १० लाख नोंदींना साधारण २ कोटी तुलना लागतात. जावाचे `कम्पेअरिंग` प्रत्येक तुलनेत दोन्ही बाजूंची प्रॉपर्टी नव्याने मागते, म्हणजे सुमारे ४ कोटी कॉल. त्या मेथडमध्ये तारखेची स्ट्रिंग उलगडली जात असेल किंवा फाइल वाचली जात असेल तर वेळ तिथेच जातो. पायथनची `की` आणि सी शार्पचे `ऑर्डरबाय` प्रत्येक नोंदीसाठी प्रॉपर्टी एकदाच काढतात. जावात तेच हवे असेल तर आधी प्रॉपर्टी आणि ऑब्जेक्ट यांच्या जोड्या करा, जोड्या सॉर्ट करा, मग ऑब्जेक्ट वेगळे काढा.

ट्रीसेटमध्ये घातलेल्या नोंदी गायब का झाल्या?

ट्रीसेट हा जावाचा, नोंदी क्रमाने ठेवणारा आणि दुबार नोंद न घेणारा संच. त्याला सारखेपणा कम्पॅरेटरकडूनच कळतो. पानांचा कम्पॅरेटर दिला असेल तर १२ पानांचा पहिला दस्तऐवज आत जातो आणि १२ पानांचा दुसरा 'आधीच आहे' म्हणून नाकारला जातो. `ॲड` फॉल्स परत देते, पण ते उत्तर सहसा कोणी पाहत नाही. क्रमांकाची शेवटची पायरी इथेही तारते.

कम्पॅरेटरची टेस्ट कशी लिहावी?

१० ते १५ दस्तऐवज घ्या: तिन्ही क्लासचे, सारख्या तारखांचे, नल तारखेचे, सारख्या शीर्षकाचे, एक अगदी मोठ्या आकड्याचा. प्रत्येक जोडीसाठी अ-ब आणि ब-अ यांची चिन्हे उलट येतात का ते पाहा. प्रत्येक त्रिकुटासाठी साखळी जुळते का ते पाहा, आणि सारख्या ठरलेल्या जोडीची तिसऱ्याशी तुलना एकसारखी होते का तेही. १५ दस्तऐवजांची ३,३७५ त्रिकुटे होतात, तपासायला क्षणभरही लागत नाही, आणि ३२ च्या खाली लपून बसणारी चूक इथे पकडली जाते. त्यानंतर तीच यादी शंभर वेळा विस्कटून सॉर्ट करा. उत्तर एकदा जरी वेगळे आले तरी साखळीत शेवटची पायरी राहून गेली आहे किंवा तुलनेचा नियम कुठेतरी मोडतो आहे.